रेषा काही चढेना

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लाल शाईचा वास आला की मी आजही आधी दार शोधतो. साठ सालाच्या सुमारास कुवेतच्या रिफायनरीत साहेबांनी प्रयोगासाठी मला बिनखिडकीच्या खोलीत डांबलं. वाफेचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा आणि यंत्राचं पेन कागदावर टाकीच्या तापमानाची जी लाल रेषा काढी, ती किती चढते ते टिपायचं. ती चढल्याशिवाय रजा नाही! संध्याकाळी तर माझी मुंबईची बोट. तीनदा वाफ वाढवली, रेषा मेली ढिम्म. घामाघूम होऊन बाहेर धावलो, तर आमचे रत्नागिरीचे म्हातारे ऑपरेटर चाचा त्याच टाकीच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मायेनं फिरवत उभे. “चाचा, हे काय करताय?” “अरे, तुझा सायब सकालपासून तापमान बिघडवतोय, मी गपचूप सांभालतंय!”