जुळलेला आकडा

रेणूबाई हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापक, पण हाताला कधी ॲसिडचा डाग नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हजारो रेणू सोडायचे, त्यांची ढकलाढकली बघायची आणि खरा द्रव किती संथ वाहील ते आधीच सांगायचं. सासूबाई विचारायच्या, "पगार तरी खरा देतात ना गं?"

नाव झालं ते एका द्रवामुळे. बाईंचा हिशेब आणि नवऱ्याच्या प्रयोगशाळेतलं मोजमाप तंतोतंत जुळलं. मग काय विचारता! जगभर लोकांनी तो आकडा डोळे झाकून उचलला. बाई विभागप्रमुख झाल्या. आज दुपारी त्यांचं निरोपाचं भाषण होतं, त्याच आकड्यावर.

सकाळी चहा गाळताना नवरा सहज बोलून गेला, "तेव्हा माझं यंत्र भलतंच दाखवत होतं. बरं झालं, तू जेवताना तुझा आकडा सांगितलास. मी यंत्र त्यावर आणून ठेवलं."

बाईंचा कप हातातच राहिला. "काय केलंत?"

"अगं, यंत्र नवीन होतं. कॉम्प्युटर थोडाच चुकतो?"

"अहो, कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात! रेणू एकमेकांना किती ओढतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी आपलं अंदाजाने काहीतरी घातलं होतं. तुमचं मोजमाप आलं की बदलणार होते. ते जुळलं, म्हणून राहू दिलं!"

नवऱ्याने गाळणी खाली ठेवली. काय म्हणावं या दोघांना! टूथपेस्टचं झाकण कुणी उघडं ठेवलं यावरून वर्षानुवर्षं भांडले, आणि हे एकदाही विचारलं नाही.  बाईंना धड रडूही येईना.

"आज तरी बोलू नकोस," नवरा चाचरत म्हणाला.

"यंत्र चालू आहे ना? चला."

प्रयोगशाळेत त्याने यंत्र आधी साध्या पाण्यावर तपासून घेतलं, मग त्यात तो द्रव भरला. बाईंना बघवेना. आकडा आला तो जवळजवळ दुप्पट.

नवऱ्याने आकडा पुन्हा एकदा वाचला. "तेव्हाही हाच दाखवत होतं गं."

दुपारी सभागृह खचाखच भरलं होतं. हारतुरे झाले. बाई फळ्याकडे गेल्या आणि त्यांनी नवा आकडा लिहिला. खडू दोनदा तुटला.

"हा माझ्या नवऱ्याचा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बरोबर होता. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने तो खोडला."