हापशीवरचे मामाजी

आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मिशा एवढ्या भरघोस होत्या की नवखा माणूस त्यांच्याशी बोलताना आपोआप आवाज खाली घ्यायचा. आणि हा मिशाळ गडी रोज सकाळी गावच्या हापशीवर, बायांच्या घोळक्यात उकिडवा बसून, माझ्या सोनूची दुपटी धुवायचा. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मामाजी म्हणायचे, "हसा न बाई, पन हासता हासता जरा हापसा."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सोनू सहा महिन्यांची असताना यवतमाळला नर्सिंगसाठी माझा नंबर लागला. पोर कोण सांभाळणार, म्हटल्यावर आमचे हे मान खाली घालून जमिनीकडे बघायला लागले. मामाजी म्हणाले, "वासरं वाढोली, बकऱ्या वाढोल्या. हे त नात हाय." दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले.

कापसाने रडवलेली ती वर्षं. वेचलेला कापूस भावाची वाट बघत घरात पडलेला आणि आमचे हे तीन मित्रांसोबत पानठेल्यावर. तिशी आली तरी चौघांचं वागणं शाळेतल्या टारगट पोरांचं. तोंडाने मर्दपणाच्या गप्पा, शेताकडे मात्र पाठ. मित्र मामाजींच्या धुण्यावरून टोमणे मारायचे, ते यांना फार झोंबायचे.

मी सुटीत घरी आले असताना एका रविवारी दुपारी आम्ही सगळे, मित्रांसकट, बाभुळगावला विनोदी सिनेमा बघायला गेलो. पडद्यावरही असेच चार घोडे, बायकांना थापा मारून हुंदडणारे. शेवटी एक सापडतो आणि शिक्षा म्हणून बायको त्याला पोर सांभाळायला लावते. तो लंगोट बांधायला लागला तसे लोक खदखदून हसले. मांडीवरच्या सोनूला थोपटत मामाजी मोठ्याने म्हणाले, "लय आवळला न बावा! पोट्टं रडन नाही त काय करन?" लोक त्याच्या धांदरटपणाला हसताहेत, असंच त्यांना वाटलं होतं. शिक्षा हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

"काका, तुमचाच सिनेमा लागला!" एक मित्र ओरडला. मग सगळं थेटर मामाजींकडे वळून हसलं. मामाजीही हसले.

स्टँडवर हे भडकले. "उद्यापासून हिचं ट्रेनिंग बंद! बापाची इज्जत जाऊन राह्यली." मामाजी शांतपणे म्हणाले, "माही इज्जत हाय ना? मंग ते मी पाहीन. तू पोरीले घे, माहे हात दुखून राह्यले." मित्रांदेखत त्यांनी सोनू यांच्या हातात दिली, बिडी पेटवली आणि एसटी येईपर्यंत पोर परत मागितलीच नाही. सोनूने यांच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. हे ओरडतील म्हणून मी पुढे झाले, तर हे तिच्याकडे टक लावून बघत होते. ट्रेनिंग बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मी नर्स झाले, मुकुटबनकडे नोकरी लागली. काही वर्षांनी मामाजी अंथरुणाला खिळले. मी सुटी घेऊन घरी आले, तर दारातच त्यांचा रडवेला आवाज ऐकू आला, "लेका, तुह्या हातानं हे करून घ्याची मले लाज वाटते."

आमचे हे ओलं फडकं पिळत होते. म्हणाले, "वाटू द्या. तुमी कूस बदला, बाबा."

नर्स असून मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चहा ठेवला.

लोक म्हणतात, सासऱ्याने सुनेला पायावर उभं केलं. ते तर केलंच. पण माझा नवराही मला त्यांनीच माणूस करून दिला, ते मात्र फक्त मला ठाऊक आहे.