मुक्ताला न दिसलेलं तरस

रात्रीचं प्राणी उद्यान बघायचंच, हा हट्ट माझा. नाशिकचा रविवार म्हणजे सकाळी मिसळ, दुपारी धरण आणि संध्याकाळी घर, याचा मला कंटाळा आला होता. शिवाय नऊ वर्षांच्या मुक्ताची अंधाराची भीती एकदाची घालवायची होती. दिवस मावळला की हिच्या हातात माझी ओढणी. घरात आम्ही तिला सरळ 'भित्री भागूबाई' म्हणायचो.

साडेपाचला इंदिरानगरहून निघालो. मी, गाडी चालवायला नवरा, मुक्ता, चार वर्षांचा सोहम आणि माझी सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मी मामाची मुलगी, आतेभावालाच दिलेली. त्यामुळे आमच्याकडे सासर-माहेर एकाच ताटात जेवतं आणि भांडतंही.

जाणार असाल तर तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, खिडकीवर मोठी रांग असते. शेवटचा रस्ता खड्ड्यांचा आहे. स्वेटर विसरू नका. कॅन्टीनमधली भजी बरी, चहा मात्र नुसताच गोड.

सातला बॅटरीवरची उघडी गाडी निघाली. आजूबाजूला मिणमिणते लाल दिवे, बाकी अंधार. गाइडकाका हळू आवाजात म्हणाले, "फ्लॅश मारू नका. डावीकडं बघा, तरस हाय. लय जवळ हाय."

तरस खरंच दहा पावलांवर उभं होतं.

"दिसलं, दिसलं!" मुक्ता ओरडली. तोंड उजवीकडे.

"ताई, तिकडे नाही, इकडे," सोहम म्हणाला.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी तिची मान धरून वळवली. मग साळिंदर आलं, उदमांजर आलं, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी हिचंच "दिसलं!" एवढ्या हौसेने आणायचं आणि हिने टंगळमंगळ करायची, म्हणून माझा पारा चढत होता.

गाडीतून उतरून कॅन्टीनकडे जाताना पायवाट वळली, मुक्ता वळली नाही. सरळ जाऊन कठड्यावर आदळली. ओठ फुटला. मी तेव्हाही ओरडलेच.

ती हुंदके देत म्हणाली, "अंधारात कुणालाच दिसत नाही ना आई? मला वाटलं सगळे नुसतं म्हणतात, म्हणून मीपण म्हटलं."

नवऱ्याने तिच्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

"तीन," ती म्हणाली. त्याने हात केव्हाच खाली घेतला होता.

परतताना गाडीत मी मुक्ताच्या ओठावर रुमाल धरून बसले. शहरात सगळीकडे दिवे, कळणार तरी कसं, अशी मी मनाची समजूत काढत होते. पण ती रोज ओढणी धरत होती आणि मी रोज हसत होते.

दोन आठवडे तपासण्या चालल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मजात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग दिवसाचंही कडेकडेने कमी होत जातं. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. मग त्यांनी विचारलं, "लग्न नात्यातलं का?"

"मामाची मुलगी," नवरा म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं. अशा लग्नात हा दोष मुलांत उतरण्याचा धोका वाढतो, धाकट्यालाही दाखवा, म्हणाल्या.

बाहेर बाकावर आत्या बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मागणी मीच घातली होती गं मनू. घरातली पोर घरात राहील म्हणून."

तिला धीर द्यायला हवा होता. मी दिला नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला ती नकोशी झाली होती.

उद्यान चांगलं आहे, जरूर जा. मुलांना 'दिसलं का' एवढंच विचारू नका, काय दिसलं तेही विचारा.

सोहमची तपासणी गुरुवारी आहे. काल संध्याकाळी मात्र मला राहवलं नाही. मुक्ता शेजारी खेळायला गेलीय असं समजून मी घरातले सगळे दिवे बंद केले. खिडकीतून रस्त्याचा थोडा उजेड येत होता. हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून मी सोहमला हाक मारली. तो टीपॉयला वळसा घालून धावत आला आणि मला बिलगला. इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं.

तेवढ्यात पॅसेजमधून मुक्ताचा आवाज आला, "आई, लाइट गेली का? मी इथेच उभी राहू?"