सुंदरतात्यांची जीभ आणि भागवतच्या मिरच्या

गुरुवारी सकाळी सातला नांदूरघाटच्या दूध डेअरीवर बातमी अशी होती, की आबासाहेब गुरुजींनी सुंदरतात्यांना चायनीजमधून काहीतरी चारलं आणि तात्यांची वाचा गेली. आठला ही बातमी एसटी स्टँडवर पोचली तेव्हा तात्यांचं तोंड डावीकडं वाकडं झालेलं होतं. नऊला पानटपरीवर ते उजवीकडं वाकलं. दहाच्या सुमारास तात्या अंबाजोगाईला ॲडमिट होते आणि सलाईन चालू होतं.

खरं म्हणजे त्या वेळी तात्या आपल्याच ओट्यावर, समोर वाटीभर दही घेऊन बसले होते. तोंड जिथल्या तिथं होतं. फक्त गप्प होते, आणि सगळा घोटाळा त्या गप्प बसण्यानं केला. शेजारच्या छबुबाईंनी भिंतीवरून दोनदा हाक मारली, तात्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. "देवाच्या आरतीतबी मधीच बोलणारा मानूस, आन आज ब्र न्हाई," असं म्हणत छबुबाई दुधाची किटली घेऊन निघाल्या. तिथून डेअरी काही लांब नाही.

सुंदरतात्यांचा धंदा शेतीचा, पण ओळख माईकची. आसपासच्या पंधरा-वीस गावांत कुणाचंही लग्न असो, मांडवात आलेल्या मानकऱ्यांची नावं पुकारायला तात्याच लागतात. आपल्याकडं लग्नात एखाद्याला वरण कमी पडलं तर तो विसरून जाईल, पण माईकवर नाव घेतलं नाही तर नातवंडांना सांगत राहील. तात्यांना सोसायटीच्या माजी व्हाईस चेअरमनपासून पाणीपुरवठा समितीच्या विद्यमान सदस्यापर्यंत दीड-दोनशे नावं पदांसकट पाठ. हातात कागद कधीच नाही. कागद बघून पुकारणाऱ्याला तात्या माणसात धरत नसत. आवाज असा, की एकदा ऐन लग्नात जनरेटर बंद पडला तर पंख्यांनाच कळलं, लोकांना नाही.

अशा माणसाच्या हातून मागच्या साली एक गोष्ट झाली. आबासाहेब गुरुजी म्हणजे तात्यांचे पहिलीपासूनचे दोस्त. एक शाळेत शिकवत हेडमास्तर होऊन रिटायर झाला आणि दुसरा दहावीला दोनदा बसून शेतात गेला, पण संध्याकाळची बैठक कधी चुकली नाही. गुरुजींच्या सौरभचं लग्न होतं. लोक हातात फुलांच्या पाकळ्या घेऊन बसलेले, बुद्धवंदना सुरू व्हायची होती, आणि तात्या माईकवर. एक्केचाळीस मिनिटं बोलले. पुढाऱ्यांची नावं घेतली, पुढाऱ्यांच्या पीएंची घेतली, एका पुढाऱ्याला उशीर होणार म्हणून त्याच्या आधी पोचलेल्या ड्रायव्हरचंसुद्धा घेतलं. सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. नवऱ्या मुलाच्या बापाला तेवढं बोलावलं नाही.

गुरुजी नवा सफारी घालून स्टेजच्या पायरीशी उभे होते. उभेच राहिले. फोटो निघाले, अल्बम झाला, आणि त्या अल्बममध्ये सौरभच्या मागं कुणाकुणाची तोंडं आहेत, बापाचं नाही.

त्याला आता चौदा महिने झाले होते. गुरुजींनी भांडण केलं नाही. संध्याकाळी पारावर येणं बंद केलं, एवढंच. तात्यांचं म्हणणं एकच होतं, "घरच्या मानसाचं नाव कोन पुकारतं? आबा माझ्या डोक्यात पाव्हन्यांत न्हवताच." हे त्यांनी बायकोला, म्हणजे वनमालाबाईंना, इतक्या वेळा ऐकवलं की एके दिवशी चपात्या लाटता लाटता बाई म्हणाल्या, "मंग माझं नाव बत्तीस वर्षात एकदाबी पुकारलं न्हाई, ते त्याच्यामुळंच का?"

आणि आता गुरुजींच्या आम्रपालीचं लग्न रविवारवर आलं होतं. पत्रिका घरी आली. तात्यांनी हळदीकुंकवाच्या डबीइतक्या जपून ती उघडली आणि खालची ओळ वाचली. सूत्रसंचालन : प्रविण, केज. हा प्रविण कागद बघून बोलतो. मध्येमध्ये शायरीसुद्धा म्हणतो.

तात्यांना दोन रात्री जेवण गेलं नाही.

"जाऊन चुकलं म्हना," वनमालाबाई म्हणाल्या.

"त्याच्या घरी जाऊन?"

"मंग काय माईकवर म्हनणार?"

घरी जाणं तात्यांना जमणारं नव्हतं. तिथं सौरभ, सून, आम्रपाली, सगळ्यांसमोर मान खाली घालायची. आपल्या घरी बोलवावं तर वनमालाबाई मध्ये बोलणार. तेव्हा त्यांना भागवत आठवला.

भागवत हा गुरुजींचा विद्यार्थी. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात आठ वर्षं एका चिनी उस्तादाच्या हाताखाली राबला. तो उस्ताद चीनमधल्या सिचुआन नावाच्या मुलखातला. भागवत परत आला आणि केजच्या रस्त्याला पत्र्याचं शेड मारून त्यानं बोर्ड लावला, 'अस्सल सिचुआन जेवण'. त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'मंचुरियन मिळत नाही. कारण विचारू नये.' लोक सहा महिने कारण विचारतच होते.

"गुरुजींना तू बोलव," तात्या त्याला म्हणाले. "मी बोलवतो आसं सांगू नको."

"पन तुमी तिथं बसल्यालं दिसताल ना, तात्या."

"तवर तू दार लाव."

शेडला दार नव्हतं. तरी गुरुजी बुधवारी संध्याकाळी सहाला आले, कारण विद्यार्थ्यानं जेवायला बोलावलं तर ते नाही म्हणत नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर तात्यांना बघून थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि समोर बसले. तात्यांना हायसं वाटलं. हॉटेलात एक बरं असतं, ऑर्डर दिल्यावर माणसाला मध्येच उठून जाता येत नाही.

"चिकन हाय," भागवत म्हणाला. "पन लई वेगळं. तात्या, तुमाला झेपंल का?"

नांदूरघाटच्या माणसाला तिखटाचं झेपंल का, असं विचारू नये. तात्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. भागवत आत गेला.

परातीएवढं ताट आलं. त्यात लाल मिरच्यांचा ढीग, आणि ढिगात इथं-तिथं कोंबडीचे बारके तुकडे. मध्ये एकच ताट, दोघांपुढं दोन रिकाम्या वाट्या आणि लाकडाच्या दोन-दोन काड्या. गुरुजींनी काडी खडूसारखी धरून बघितली, बाजूला ठेवली आणि चमचा घेतला. तात्यांनी हात घातला.

"ऊन लई हाय यंदा," तात्या म्हणाले.

"एप्रिल आहे," गुरुजी म्हणाले.

एवढं बोलून चौदा महिन्यांचं सगळं संपलं. तात्यांनी मनात वाक्य जुळवलं, आबा, माझं चुकलं. तीन शब्द. दोनशे नावं न अडखळता घेणाऱ्या माणसाला तीन शब्द घशातून वर येईनात. धीर यावा म्हणून त्यांनी एक मिरची चावली. ती खमंग भाजलेली, तिखट फार नव्हती. "ह्या तर कोमट मिरच्या हायत," तात्या म्हणाले आणि दुसरी घेतली. प्रत्येक वेळी वाक्य ओठावर यायचं, आणि प्रत्येक वेळी तात्या ते मिरचीसोबत गिळायचे. त्यात लहानपणापासूनची शिस्त अशी, की पानात पडलेलं टाकायचं नाही. पंगतीत मीठ उरलं तरी आजी ते चाटायला लावायची. मिरच्यांच्या बुडाशी तपकिरी टरफलांचे दाणेही होते, धण्याएवढे. तात्यांनी तेही चिमटीनं वेचून खाल्ले.

ताट साफ झालं. आता मात्र निमित्त उरलं नाही. तात्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आआ, आअं उअं."

"काय?"

तात्यांनी पुन्हा प्रयत्न केला. जीभ तोंडात होती, पण दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. ओठांवरून मुंग्यांची रांग चालली होती. त्यांचे डोळे मोठे झाले.

गुरुजी ताडकन उठले. शाळेत असताना त्यांनी आरोग्याचं एक शिबिर केलं होतं. "सुंदर, हात वर कर. दोन्ही. आता हस." तात्यांनी दोन्ही हात वर करून हसायचा प्रयत्न केला, त्यातून लाळ गळली. लकवा आहे की साखर कमी झालीय, ते गुरुजींना कळेना. त्यांनी तात्यांचा जबडा धरला आणि टेबलावरच्या डबीतली चमचाभर साखर त्यांच्या तोंडात ओतली. दोन टेबलं सोडून गावातला त्रिंबक नूडल्सची वाट बघत बसला होता. त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की तात्यांचे हात वर आहेत आणि गुरुजी त्यांचा जबडा उघडून पांढरं काहीतरी आत टाकतायत. छबुबाईंच्या आधी बातमी त्याच्याकडं होती.

गुरुजींची हाक ऐकून भागवत धावत आला. आधी त्यानं तात्यांकडं बघितलं, मग ताटाकडं.

"मिरच्या कुठायत?"

तात्यांनी पोटाकडं बोट दाखवलं.

"आवो तात्या, त्या खायच्या नसत्यात. वासाला असत्यात. चिकन वेचून खायचं आन मिरच्या ताटात ठिवायच्या. आन त्ये दाने बी खाल्ले? दोन दान्यांत जीभ झोपती. अर्ध्या तासानं जागी व्हईल, काळजी न्हाई."

"मी वेचूनच खाल्लं," गुरुजी हळूच म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळी कोंबडी आपण खाल्ली आणि सगळ्या मिरच्या सुंदरनं. ते खाली बसले आणि हसू लागले. चष्मा काढावा लागला इतके हसले.

हसून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. "अर्धा तास ना? बरं. आता तू गप्प आहेस तर ऐक."

तात्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. ते ऐकत राहिले.

"लोक म्हणाले, सुंदरनं मुद्दाम केलं. मोठी माणसं स्टेजवर असताना तुम्हाला कशाला वर घेईल, म्हणाले. मी म्हणालो, सुंदरला मुद्दाम काही करता आलं असतं तर तो दहावी पास झाला असता. पण लेका, ड्रायव्हरचं नाव घेतलंस. मी पायरीपाशी उभा होतो. नवा सफारी शिवला होता. आमच्या हिनं, सरूबाईनं, बटणं लावून दिली होती. तुझ्या डोक्यात मी घरचा, हे खरं असंल. पण मांडवातल्या तीन हजार लोकांना ते कसं कळावं? घरी आल्यावर ती म्हणाली, फोटोत तुम्ही कुठं हायत? काय सांगू तिला?"

तात्यांनी मान खाली घातली. घरचा माणूस म्हणून सोडलं हे उत्तर चौदा महिने त्यांना भारी वाटलं होतं. आता ते तोंडात असतं तरी त्यांनी बाहेर काढलं नसतं.

मग ते उठले. खुर्ची मागं सारली, गळ्यातला गमजा नीट केला, आणि मुठीत चमचा माईकसारखा धरून, झोपलेल्या जिभेनं, शेडमधल्या आठ-दहा माणसांसमोर पुकारलं. शब्द फुटके, आवाज मात्र तोच होता. "अवऱ्या उआचे अअील, आदअणीय, हेअमाअअर, आबाआहेब गुउजी, यांनी ईजवर यावं."

खाणारे थांबले. त्रिंबकचा घास अर्ध्यावर राहिला.

गुरुजी सफारी नसताना सफारी ओढल्यासारखा शर्ट ओढून उठले, दोन पावलं चालून तात्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"चौदा महिन्यांनी पुकारलंस," ते म्हणाले, "आणि तेही बोबडं."

जीभ परत आल्यावर तात्यांनी ते तीन शब्दही सांगितले. गुरुजींनी ऐकून घेतले, आणि अट घातली. "प्रविणला मी समजावतो, तो शायरी म्हणेल. माईक तुझा. पण कागद माझा. त्यात नाही ते नाव घ्यायचं नाही, आणि वाचूनच घ्यायचं."

कागदावर सात नावं होती. पहिलं आम्रपालीच्या आईचं, सरूबाईंचं. दुसरं गुरुजींचं. बाकीची मामा-काकांची. पुढारी एकही नव्हता.

म्हणून गुरुवारी सकाळी तात्या गप्प होते. दह्याच्या वाटीखाली कागद दाबून, जन्मात पहिल्यांदा, मनातल्या मनात वाचायची प्रॅक्टिस चालली होती. साडेदहाला माजी पंचायत समिती सदस्य विजयसिंह गाडी घेऊन आले. अंबाजोगाईला आजाऱ्याला बघायला निघाले होते, म्हणून सोबत सफरचंदं होती. बसले, पाणी प्याले, तब्येत विचारली, आणि वाटीखालच्या कागदाकडं बघत म्हणाले, "तात्या, त्यात आमचं नाव कितवं हाय?"

तात्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "न्हाईच. तुमी आसं करा, भागवतकडं जाऊन एक ताट मिरच्या खाऊन या. मंग मी आबाला विचारतो."