पासवर्ड, सगळी अक्षरं लहान

नोएडात तेव्हा दर महिन्याला एक काचेची इमारत उगवत होती. प्रत्येक इमारतीत निदान एक तरी मालक असा असायचा, ज्याला इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक नसायचं, पण ते आपणच काढलंय याची खात्री असायची. आमचे सर त्यातलेच. आधी करोल बागेत त्यांचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं. मग त्यांनी लग्न जुळवण्याची वेबसाइट काढली. "टाइल हो या रिश्ता, जोड़ दिखना नहीं चाहिए," असं ते प्रत्येक मुलाखतीत सांगत. मलाही सांगितलं. मी हसले आणि मला नोकरी मिळाली.

मी चोवीस वर्षांची होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलेल असं एकही माणूस नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी साइटचा डेटाबेस उघडला आणि पासवर्डच्या रकान्यात सगळ्यांचे पासवर्ड वाचले. खरोखर वाचले, कारण ते जसेच्या तसे लिहिलेले होते. देवांची नावं, जन्मतारखा, मुलांच्या खात्यांवर भलत्याच मुलींची नावं. आमच्याच एका सहकाऱ्याच्या पासवर्डात सरांच्या टकलाचा उल्लेख होता.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पासवर्ड असा ठेवायचा नसतो. तो दळून टाकायचा आणि फक्त पीठ ठेवायचं. माणूस पुन्हा पासवर्ड टाकेल तेव्हा तोही तसाच दळायचा आणि दोन्ही पीठं जुळतात का, एवढंच बघायचं. पिठाचे परत गहू करता येत नाहीत, म्हणून चोरी झाली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. शिवाय दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळं काहीतरी मिसळायचं. त्याला सॉल्ट म्हणतात."

"आटे में नमक?" सर म्हणाले. "और जो भूल गया, उसको क्या देंगे? आटा?"

विसरलेल्यांची सोय हाच आमच्या जाहिरातीतला मोठा मुद्दा होता. पासवर्ड आठवत नसेल तर फोन करा, मेरठच्या एक गोड आवाजाच्या मॅडम तो लगेच वाचून दाखवत. लोक धन्यवाद देत, काही जण आशीर्वाद देत. सरांनी मला समजावलं, "बेटे, अपने घर की चीज़ अपने से ही छुपाएँगे क्या?" मी जागेवर परत आले आणि पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत कुणीही समोर बसलं की त्याला सुरक्षिततेवर भाषण देत राहिले. ऐकणारे डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

एके दिवशी मेरठच्या मॅडमनी फोन माझ्याकडे दिला. "तुम्हारे उधर के हैं."

फोनवर एक वयस्कर गृहस्थ होते. गाझियाबादच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याचे. "तू मराठी का बेटा? अरे वा! कुठली तू?" पाच मिनिटं आम्ही बोललो. दिल्लीत ज्वारीचं चांगलं पीठ कुठे मिळतं, ते त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाले, "मुलीचं खातं आहे तुमच्याकडे. ती शाळेत शिकवते, तिला वेळ नसतो, पासवर्डही विसरली. जरा सांगशील?"

आणि मी सांगितला. भाषणं देणाऱ्या मीच सांगितला. पासवर्ड होता 'नकोनको', इंग्रजी अक्षरांत. मी एकेक अक्षर सावकाश उच्चारलं आणि वर म्हटलं, "सगळी अक्षरं लहान, काका." त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि त्या शब्दाला अर्थ आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी मुलगी ऑफिसात आली. तिशी ओलांडलेली, सुती साडी, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. सरांच्या केबिनमध्ये ती बसली, मॅडमना आणि मलाही आत बोलावलं. तिने शांतपणे सांगितलं. वडील स्थळं शोधत, आणि ती प्रत्येक मुलाला साइटवरून एक पत्र पाठवी: मला लग्न करायचं नाही, कृपा करून नकार तुमच्याकडून कळवा, म्हणजे माझ्या घरी भांडण होणार नाही. मुलं सभ्य होती, कळवत होती. दोन वर्षं वडील पत्रिकेला दोष देत होते, शांती करत होते. आता त्यांनी ती सगळी पत्रं छापून आणली होती आणि तिच्या सख्ख्या काकांना घरी बोलावून, तिला समोर बसवून, मोठ्याने वाचली होती. आईने अन्न सोडलं होतं.

"माझा पासवर्ड कुणी दिला?" तिने विचारलं.

सर म्हणाले, "मॅडम जी, पिता हैं, कोई ग़ैर थोड़े ही हैं! तीन महीने की सेवा हमारी तरफ़ से मुफ़्त."

"बरं," ती हिंदीत म्हणाली, "मग तुमचा पासवर्ड सांगा."

"वो तो पर्सनल है जी," सर पटकन म्हणाले. मग त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. ते पाण्याचा ग्लास शोधू लागले.

मी मराठीत म्हटलं, "ताई, मी दिला." ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही त्यांना ओळखत होतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. ते मराठी बोलले." तिने मान हलवली, माझ्या टेबलाशी येऊन तिचं खातं माझ्याकडून पुसून घेतलं, आणि वह्या उचलून गेली.

त्याच आठवड्यात मी कुणालाही न विचारता सगळे पासवर्ड दळले, प्रत्येकाला वेगळं मीठ घालून. मग फोन सुरू झाले. "माझाच पासवर्ड तुम्हाला माहीत नाही? मग तुम्ही करता काय?" मॅडम नवा पासवर्ड बनवायला सांगत, लोक चिडत. एका ग्राहकाने आम्हाला फसवे म्हटलं. सरांनी मला बोलावून हुकूम दिला, "वापस गेहूँ बना." मी म्हटलं, होत नाही. त्यावर त्यांनी जो मार्ग काढला, त्याला तोड नाही. दळलेला पासवर्ड राहू दे, म्हणाले, आणि जो कोणी पुन्हा टाकेल त्याचा मूळ पासवर्ड शेजारच्या रकान्यात ठेव. मी नकार दिला, तर शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरने दुपारपर्यंत करून टाकलं. पहिल्या पानावर कुलपाचं चित्र आलं: आपकी जानकारी पूरी तरह सुरक्षित.

महिन्याभरात त्या गृहस्थांनी मुलीचं नवं खातं उघडलं, स्वतःच्या ईमेलवरून. पासवर्ड त्या शेजारच्या रकान्यात होता. मी शाळेचा नंबर शोधून तिला फोन केला आणि सांगितलं.

"तुम्हाला त्यांचा पासवर्ड दिसतोय?" तिने विचारलं.

"हो."

"सांगा."

एकदा सांगून काय झालं ते मी पाहिलं होतं, आणि आता न सांगणं हेही मला पापच वाटत होतं. पलीकडे शाळेची घंटा झाली.

"स्कूटरचा नंबर आहे ना?" ती म्हणाली. "बँकेत, कुलपाला, सगळीकडे तोच असतो त्यांचा."

मी तरीही काही बोलले नाही.

"कळलं. या वेळी पत्रं पाठवली की लगेच पुसेन," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढे उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली. सोडायच्या आधी मेरठच्या मॅडमनी पुन्हा एकदा फोन माझ्याकडे दिला. अकोल्याचेच काका होते, आवाज खचलेला.

"बेटा, पुन्हा सगळीकडून नकारच येताहेत बघ. तुमच्या साइटमध्ये काही बिघाड आहे का?"

"असेल काका," मी म्हटलं. "बघते."