सिंदेवाहीची डेमलर

आमच्या डेमलरचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर ऐकणाऱ्याकडूनच दुसरे दोन निघतात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ही विलायती गाडी माझ्या सासऱ्यांनी एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली होती. आता ती मी चालवते. लांबलचक बॉनेट, ड्रायव्हर आणि मागच्या सीटच्या मध्ये जाड काच, आणि इंजिनाला आवाज जवळपास नाहीच.

*

रज्जाकभाई आमचे मिस्त्री. पहिल्यांदा गाडी पाहायला आले, तेव्हा कान देऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, स्टार्टर मारा ना."

"सुरूच हाय, भाऊ."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. थरथर जाणवली. मग टोपी नीट करून म्हणाले, "माफ करा."

मला नाही, गाडीला!

*

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गाडी चिखलात फसली. ट्रॅक्टरवाला वामन हसतच आला. "एवढी मोठी गाडी, पण आमच्याच भरोशावर, नाई का?"

ओढून काढली त्याने. तेवढ्यात त्याच्याच ट्रॅक्टरचं डिझेल संपलं. दोर होताच, फक्त टोकं बदलून आता मी पुढे झाले. पंप गावाच्या पलीकडे. वामनने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड झाकलं. "बाई, बजारातून नका नेऊ."

मी बाजारातूनच नेलं.

*

कुरखेड्याला एक लग्न होतं. नवरा-नवरी मागे बसले, मी निघाले. नवरदेव काचेवर ठोकत होता. मला वाटलं, खुशीत आहे. नाल्यापाशी थांबून दार उघडलं.

"बाई, नवरी राह्यली ना!"

मावशीला पुन्हा भेटायला ती उतरली होती. आम्ही परतलो, तर मांडवात खुर्चीवर बसून जिलेबी खात होती. "मले माहीत होतं, तुमी याल."

*

पार्ट मिळत नाहीत म्हणून आमच्या यांनी पुण्याच्या एका शौकिनाला गाडी विकायचा शब्द दिला. मी यांच्याशी बोलणंच सोडलं. ठरल्या दिवशी ते साहेब ट्रक घेऊन आले.

सासूबाईंनी गाडीबद्दल कधी मत दिलं नव्हतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या, साहेबांना "चहा घ्या" म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. "चाल, सूनबाई."

मी गाडी काढली. हे पाहतच राहिले.

वळणावर मी विचारलं, "आई, कुठी जाऊन राह्यलो आपण?"

"ट्रक गेला का?"

मी आरशात बघितलं. "नाई, उभाच हाय."

"मंग चालू दे. हेमलकसा पाह्यचाच हाय मले."