खालच्या कप्प्यातल्या साड्या

पुंडलिकभाऊ गेल्याची बातमी ज्यानं मला दिली, त्याचं मी आधी अभिनंदन केलं. सकाळची वेळ होती, मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पोहे खात होतो आणि फोनवर त्यांच्या दुकानाचा मॅनेजर होता. "सर, पुंडलिकभाऊंबद्दल सांगायचं होतं," एवढं बोलून तो थांबला. महिन्याचा पहिला आठवडा होता. त्या आठवड्यात दुकानात 'महिन्याचा तारा' जाहीर होतो, आणि भाऊ तोवर तीनदा तारा झाले होते. मी घास गिळला आणि म्हणालो, "वा, अभिनंदन. चौथ्यांदा ना?" मग तो म्हणाला, "सर, ते पडले. काउंटरवरच. दवाखान्यात नेलं, पण..." बावीस वर्षं मी मुलांना संवादकौशल्य शिकवतो आहे. हे आधीच सांगून ठेवलं, म्हणजे पुढचं वाचताना वाचकांनी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत.

पुंडलिकभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, थोरले भाऊ. गाव चिमूरकडचं. धानाची शेती धाकट्यावर सोपवून ते तरुणपणीच चंद्रपूरला आले आणि कापडाच्या एका मोठ्या दुकानात साड्यांवर लागले ते शेवटपर्यंत तिथेच. मला ते 'जवाईबापू' म्हणत, आणि माझ्यासारख्या कॉमर्सच्या मास्तराला त्या शब्दात जेवढा मान मिळायचा तेवढा कॉलेजात कधी मिळाला नाही. त्यांना त्यांचं काम विचारलं की म्हणायचे, "काई नाई, बायांच्या मनातलं काढतो आन् त्यायच्याच पदरात टाकतो." त्या काळी दुकानात गादी होती. पांढऱ्या चादरीची, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लग्नाचा बस्ता फाडायला माणसं गावाहून गाडी करून यायची, चपला बाहेर काढायची आणि सगळा गोतावळा गादीवर ऐसपैस बसायचा. मध्ये पुंडलिकभाऊ मांडी घालून. दिवसभर बसून काम, म्हणून मी तेव्हा त्यांना चिडवायचोसुद्धा की तुमची नोकरी म्हणजे पंगतच आहे.

एकदा मी तिथे सहज गेलो असताना जिवतीच्या डोंगरावरून एक बस्ता आला होता. वीसेक माणसं, वीसेक मतं. नवरीची मावशी म्हणे हिरवी, काकू म्हणे हिरवी नकोच, आणि दोघींच्या भांडणात साड्यांचा ढीग कमरेएवढा झालेला. पुंडलिकभाऊंनी ढीग बाजूला सारला आणि गादीवरूनच सरकत सरकत कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ गेले. "आजी, पाणी घेतलं का?"

"मले काऊन विचारतं? मी कोन हाय इथी?"

"तुमी हो म्हनल्याबिगर इथून धागा जाणार नाई. मले बी घरी जाच हाय ना, माय."

म्हातारीनं एक हिरवी उचलली, दोन नाकं मुरडली गेली, आणि अर्ध्या तासात बस्ता बांधून झाला. नंतर चहा पिताना ते मला म्हणाले, "हे उभ्यानं होत नाई, जवाईबापू. म्हाताऱ्या माणसाले वरून वाकून इचारलं तं त्याले उपकार वाटते. बाजूले बसून इचारलं तं घरचं वाटते." मी मान डोलावली. वहीत लिहून घ्यायला हवं होतं, पण माझ्या वहीत तेव्हा परदेशी साहेबांची वाक्यं भरलेली होती.

मग मोठे शेठ वारले, आणि पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेले छोटे शेठ गल्ल्यावर बसले. म्हणजे तेही बसले नाहीत. त्यांना केबिन झाली. दुकानाचं शोरूम झालं. गादी गेली, काचेचे काउंटर आले, एसी आला, छताला कॅमेरे आले, आणि काउंटरमागे उभं राहायचा नियम आला. गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही. बसलेला माणूस आळशी दिसतो. रोज शटर उघडण्याआधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, 'आपण एक कुटुंब' असं म्हणायचं आणि तीन टाळ्या वाजवायच्या. माझ्या माहितीतल्या कुठल्याही कुटुंबाला हे रोज सकाळी म्हणावं लागत नाही. पुंडलिकभाऊ तेव्हा पन्नाशीच्या पुढे. आठ-नऊ तास ते उभे. कोणी विचारलं तर हसून सांगायचे, "पुंडलिकानं देवाले विटेवर उभं केलं ना, त्याचा बदला माह्यावर काढून राह्यले."

या कुटुंबाला प्रेरणा द्यायला छोट्या शेठनी मला बोलावलं. कोणी बोलावलं की मी जातो, हा माझा जुना आजार. मी स्लाइड्स केल्या, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गरजांचा तो प्रसिद्ध पिरॅमिड भिंतीवर पाडला. तळाला अन्न, पाणी, विश्रांती, मध्ये सुरक्षितता आणि आपुलकी, वर मान, आणि टोकावर माणसाचं स्वतःला गवसणं. समोर तीसेक माणसं उभी होती, कारण बसायला काही नव्हतं. एकट्या मला खुर्ची दिली होती, आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. मग मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव न लिहिता एकच लिहा, कामात तुम्हाला सगळ्यात जास्त गरज कशाची वाटते? छोटे शेठ दाराशीच उभे असल्यानं चिठ्ठ्या फार उदात्त आल्या. मान. प्रगती. कौतुक. शेवटची उघडली तर तीत लिहिलं होतं, 'बसाले एक स्टूल.'

अक्षर मी ओळखलं. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या आहेरावरची नावं त्याच अक्षरात असायची. मी काय करावं? चिठ्ठी उंच धरली आणि म्हणालो, "बघा, कोणीतरी अजून पिरॅमिडच्या तळालाच बसलंय. आपल्याला कुठं जायचंय? वर." सगळे हसले. छोटे शेठ सगळ्यात मोठ्यानं. पुंडलिकभाऊही हसले... जावयाच्या विनोदावर हसायचं असतं म्हणून. नंतर टपरीवर चहाचा कप माझ्या हातात देताना ते एवढंच बोलले, "तुमची शिडी चांगली हाय, जवाईबापू. पर चढाले बी पायच लागते ना."

मला टोचलं असावं, कारण जाताना मी केबिनमध्ये डोकावून एका स्टुलाचं सुचवलं. छोटे शेठ माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "पण सर, तुमच्याच स्लाइडवर होतं ना, खुर्ची, पंखा, पाणी यानं माणसाची फक्त कुरकुर थांबते, काम करायची ओढ त्यातून येत नाही? ओढ येते ती सन्मानातून." होतं. दुसऱ्या एका साहेबाचा तो सिद्धांत. त्याच्याच पुढची ओळ अशी की आधी ती कुरकुर मिटवा, नाही तर वरचा सगळा सन्मान वाया जातो. ती ओळ मी घाईत गाळली होती, कारण जेवणाची वेळ झाली होती. तेव्हा तरी सांगायचं. पण शेठ माझ्या खांद्यावर शाल घालत होते. चंद्रपूरच्या उन्हात शालीचा काय उपयोग, ते चंद्रपूरकरांना विचारा. माझ्याकडे तशा तीन आहेत. म्हणजे मी तिथे तीनदा गेलो.

स्टुलाऐवजी तारा आला. महिन्याचा तारा, चौकटीतलं प्रमाणपत्र आणि दाराजवळ फोटो. पुंडलिकभाऊंना तो मिळाला त्याचं कारण मोठं शास्त्रीय होतं. संगणकानं दाखवलं की काउंटरच्या अगदी खालच्या कप्प्यातल्या साड्या, ज्या कुणी विकत नाही, त्या हा माणूस सगळ्यात जास्त विकतो. साध्या, सुती, घरात नेसायच्या. छोट्या शेठनी त्याला 'आतून आलेली प्रेरणा' असं नाव दिलं, आणि दुसऱ्या भाषणात मी हेच उदाहरण दहा मिनिटं फुलवून सांगितलं. गिऱ्हाईकाला जे दिसत नाही ते वाकून शोधणारा सेवक, वगैरे. पुंडलिकभाऊ समोर उभे राहून ऐकत होते.

खरं काय ते मला दिवाळीनंतर कळलं. भाऊबीज आटोपून त्यांच्या घरी बसलो होतो आणि त्यांनी पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडले होते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोऱ्यासारख्या उठलेल्या, घोटे सुजलेले. टीव्हीच्या वर ताऱ्याच्या प्रमाणपत्रांच्या तीन चौकटी ओळीनं. मी म्हटलं, "भाऊ, त्या खालच्या साड्यांचं गुपित काय?" ते हसायला लागले. "गुपित कसचं? गिऱ्हाईक आलं का मी म्हनतो, थांबा बाई, खाली एक चांगला माल हाय. आन् खाली बसतो. दोन मिन्टं. कधी तीन. कॅमेऱ्यात दिसते का मानूस माल काढून राह्यला. मंग एवढा वेळ बसल्यावर काई तं वर आनाच लागते ना हातात. बाया बी घेते बिचाऱ्या." शेजारच्या काउंटरच्या, माजरीहून रोज येणाऱ्या मीनाताईंचे गुडघे गेले होते, त्यांनाही भाऊंनी हे शिकवलं होतं. मग हळूहळू सगळ्यांना. पाळीपाळीनं एकेकजण खाली.

मी म्हणालो, "मी बोलतो शेठशी. आता नीट बोलतो." त्यांनी पाय पाण्यातून काढले, टॉवेलनं पुसले आणि म्हणाले, "काऊन? तुमची भाषणं बंद होईल. आन् आमचं चालून राह्यलं ना." मी शेठशी बोललो नाही. तिसरी शाल त्यानंतरची.

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं. स्टूल नसण्यावर मी आळ घेत नाही. तेवढा हिशेबी खोटेपणा मला नको. पण माझ्या आवडत्या विषयाचा मला आता संताप येतो. माणसाला काय हवं ते त्याला न विचारता ओळखायचं, विचारलंच तर हसण्यावारी न्यायचं, आणि मग जे फुकट आहे ते त्याच्या गळ्यात घालायचं... टाळ्या, तारा, कुटुंब. चांगल्या कामाला दाद द्यावी हे खरंच आहे. पण दाद देऊन देणं टाळायचं, याला माझ्या पाठ्यपुस्तकात प्रेरणा म्हणतात, आणि ते पुस्तक शिकवून मी पोट भरतो.

तेरवीनंतर छोट्या शेठनी शोरूममध्ये श्रद्धांजली ठेवली, शटर उघडण्याआधी. भाऊंचा ताऱ्याचा फोटो, त्याला हार. वहिनींना घराबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून सुनंदा आणि मी गेलो. आम्हा दोघांना दोन खुर्च्या. बाकी सगळे उभे. शेठ म्हणाले, पुंडलिकभाऊ आमच्या कुटुंबातले होते, इतक्या वर्षांत त्यांनी कधी थकलो असं म्हटलं नाही, आणि आता दर वर्षी त्यांच्या नावानं एक विशेष तारा देऊ, न थकणाऱ्याला. मग मला म्हणाले, "सर, दहा मिनिटं. जरा प्रेरणादायी."

मी उठलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्लाइडशिवाय बोललो. म्हणालो, ते थकत होते. स्टुलाची चिठ्ठी त्यांचीच होती आणि तिची टिंगल मी केली. ज्या साड्यांसाठी तुम्ही त्यांना तारा दिला, त्या विकल्या जायच्या कारण खाली वाकल्याशिवाय या दुकानात माणसाला बूड टेकायला जागा नाही. मला चढत गेलं. म्हणालो, आजही इथली माणसं त्या कप्प्यांसमोर पाळीपाळीनं दोन-दोन मिनिटं टेकतात. तुमची प्रेरणा ती तेवढीच. मीनाताई खाली बघत होत्या. मला वाटलं, डोळे पुसताहेत. छोट्या शेठनी हात जोडले, "सर, फार मनापासून बोललात," म्हणाले आणि शटर उघडायची वेळ झाली म्हणून सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. रिक्षात मी सुनंदाच्या तोंडाकडे बघत होतो. ती बाहेर बघत होती. तिला भरून आलं असेल, असं मी धरून चाललो.

पंधरा दिवसांनी सुनंदा आणि मी भाऊंचं सामान आणायला गेलो. डबा, स्वेटर, जास्तीची चप्पल. साड्यांच्या विभागात काहीतरी वेगळं दिसत होतं, आधी लक्षात येईना. मग आलं. सगळ्या काउंटरमागचे खालचे कप्पे प्लायवूड मारून बंद केले होते आणि तिथला माल छातीच्या उंचीवर आणला होता. मीनाताईंनी डबा सुनंदाच्या हातात दिला. मी विचारलं, "हे कधी?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी बोलले ना सर, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुतार आला." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वळल्या. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार घेतला, मग उलट.

बाहेर येऊन आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. डबा तिनं पोटाशी धरला होता. मी म्हणालो, सुनंदा, खरं कोणीतरी बोलायलाच हवं होतं. तिनं आलेली रिक्षा जाऊ दिली. मग म्हणाली, "माह्या भावानं त्या दुकानात बसाले एवढी एकच जागा कमावली होती. ते बी तुमी भाषणात देऊन टाकली."